गोकर्ण ते कुमटा किनाऱ्याने पायी: उत्तरेचा टप्पा घ्यावा की दक्षिणेचा?

उत्तर कन्नड जिल्ह्यातील गोकर्ण आणि कुमटा ही दोन गावे रस्त्याने एकमेकांपासून तीसेक किलोमीटर दूर आहेत, कारण मध्ये अघनाशिनी नदीचे रुंद मुख पसरलेले असल्यामुळे गाडीला आत मिरजानपर्यंत जाऊन राष्ट्रीय महामार्ग ६६ वरचा पूल गाठावा लागतो. पायी जाणारा मात्र समुद्राच्या कडेकडेने डोंगराच्या सोंडा ओलांडत, वाळूच्या पुळणी तुडवत आणि नदीच्या मुखाशी तरीच्या होडीत बसून हेच अंतर चढउतार धरून वीस ते पंचवीस किलोमीटरांत कापतो. ही पूर्ण वाट एका दिवसात उरकणारे आहेत, परंतु सुट्टी दोनच दिवसांची आणि त्यातला एक प्रवासात जाणार असेल, तर वाटेचा अर्धाच भाग हाती लागतो. कोणता अर्धा निवडावा, एवढाच प्रश्न येथे आहे.

वाटेचे दोन भाग नदीनेच केलेले आहेत. उत्तरेचा टप्पा गोकर्णाहून कुडले, ओम, हाफ मून आणि पॅरडाइज या किनाऱ्यांवरून बेलेकानला उतरतो आणि तेथून रस्त्याने तदडी बंदरावर येतो. दक्षिणेचा टप्पा पैलतीरावरच्या अघनाशिनी गावातून सुरू होऊन कागाल, बाडा आणि कडले अशी गावे घेत कुमट्याला पोहोचतो. नकाशावर दोन्ही टप्पे जवळजवळ सारख्या लांबीचे दिसतात. चालताना ते सारखे राहत नाहीत.

उत्तरेकडे किनारे लहान आहेत आणि दर दोन किनाऱ्यांमध्ये समुद्रात घुसलेली जांभ्याची एक सोंड आहे. कुडल्याहून ओमला जाताना चढ चढून सड्यावर यावे लागते, आणि सडा म्हणजे काळपट जांभ्याचा उघडा कातळ, ज्यावर पावसाळ्यात गवत डोलते आणि डिसेंबरपासून सावलीचे नाव नसते. ओमपर्यंत गाडीरस्ता येतो, म्हणून तेथवर माणसांची वर्दळ असते. त्यापुढे वाट खऱ्या अर्थाने रानात शिरते: डाव्या हाताला उतारावरची झाडी, उजव्या हाताला पन्नास-साठ पावलांखाली आपटणाऱ्या लाटा, आणि मधून एकामागे एकच माणूस जाईल एवढी पायवाट. ही झाडी म्हणजे सह्याद्रीतले दाट जंगल नव्हे, हे आधीच समजून घेतलेले बरे. करवंदीच्या जाळ्या, काजू, निवडुंग, कोठे केवड्याचे बन आणि वन खात्याने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ असे तिचे रूप आहे. या बाभळीची कोयत्यासारखी वाकडी पाने वाळून उतारावर पसरली की वाट घसरगुंडी होते. हाफ मून आणि पॅरडाइज यांच्यामधला उतार मला संपूर्ण वाटेतला सर्वांत अवघड वाटला तो उंचीमुळे नव्हे, तर या पानांमुळे.

दक्षिणेकडे चित्र उलटे आहे. अघनाशिनी गावाच्या वरच्या टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तो चढ चढून पलीकडे उतरले की कागालजवळची लांबच लांब, सरळ पुळण लागते, जिला हल्ली पर्यटक निर्वाणा असे म्हणतात. पुळणीच्या मागे सुरूची झाडे आणि त्यांच्यामागे माडांच्या बागा व घरे आहेत. सुरूची सावली विरळ असते, पण तिच्याखालची सुयांची गादी पायांना फार सुखाची असते, आणि भर दुपारी तीच वाट निभावून नेते. बाड्यापासून पुढे पुन्हा खडप, म्हणजे समुद्रालगतचा खडकाळ भाग, आणि लहान टेकड्या येतात, मात्र त्या उत्तरेइतक्या तुटलेल्या नाहीत.

सौंदर्य हा निकष लावला तर बहुतेक जण उत्तरेचा टप्पा निवडतील, आणि त्यांची निवड चुकीची म्हणता येणार नाही. सोंडेवरून वळताच खाली अकस्मात दिसणारा अर्धचंद्राकृती किनारा हे सुख दक्षिणेला वारंवार मिळत नाही. परंतु निवड करणाऱ्याने दुसरा एक निकष लावावा असे मी सुचवीन: वाटेत पाय मुरगळला किंवा ऊन लागले तर बाहेर कसे पडणार? लोकप्रिय आणि गजबजलेला म्हणून उत्तरेचा टप्पा सुरक्षित वाटतो, पण ओम आणि बेलेकान यांच्यामध्ये रस्ताच नाही. चालत मागे जाणे, चालत पुढे जाणे किंवा होडी मिळाली तर होडी, एवढेच तीन मार्ग तेथे उरतात. मी एकदा कुडल्याहून अकरा वाजता निघण्याचा मूर्खपणा केला होता आणि हाफ मूनला पोहोचेपर्यंत जवळचे दोन लिटर पाणी संपले होते. होडीवाल्याने सांगितलेले भाडे ऐकून मी सावलीत तासभर बसलो आणि मग मुकाट्याने तेच भाडे दिले. दक्षिणेच्या टप्प्यात टेकड्या सोडल्या तर गावरस्ता फारसा लांब जात नाही. सुरूच्या बनातून आत वळले की घरे लागतात, विहीर लागते आणि विचारपूस करणारे कोणी तरी भेटते. कन्नड येत नसले तरी या पट्ट्यात कोकणी सर्रास चालते, आणि मराठी माणसाला ती कळायला जड जात नाही.

म्हणून लहान मुले किंवा साठीच्या पुढची मंडळी बरोबर असतील तर दक्षिणेचा टप्पा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चालण्याची सवय असलेल्या चार तरुणांनी उत्तरेचा घ्यावा, मात्र सकाळी सातच्या आत निघावे. त्याला कारण आहे. हा संपूर्ण किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे समुद्राकडचे उतार सकाळी बराच वेळ डोंगराच्या सावलीत असतात आणि दुपारनंतर त्याच उतारांवर ऊन थेट येऊन पडते. जी वाट सकाळी आठ वाजता सुखद वाटते, तीच दुपारी तीन वाजता तापलेल्या तव्यावरून गेल्यासारखी वाटते.

भरती-ओहोटीचा विचार दोन्हीकडे करावा लागतो, पण उत्तरेला अधिक, कारण पॅरडाइज ते बेलेकान या भागात पाणी उतरलेले असेल तर खडपावरून जाता येते आणि चढलेले असेल तर वरच्या झाडीतली काटेरी वाट धरावी लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा हिशेब, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, हा मुंबईच्या आसपास जुळतो. इतक्या दक्षिणेला भरती त्याआधीच येते, तेव्हा तो हिशेब जसाच्या तसा वापरू नये. मुंबईच्या मानाने येथे पाण्याची चढउतार साधारण निम्मीच असते, हा त्यातल्या त्यात दिलासा. तरीही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओल्या, शेवाळलेल्या खडपावर जाणे टाळावे. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, हा भाग बराच निवांत असतो.

ज्यांना अर्ध्यावर समाधान नाही आणि पूर्ण वाट एका दिवसात करायची आहे, त्यांच्यापुढे दिशेचा प्रश्न येतो. पुष्कळसे गट कुमट्याहून निघून गोकर्णाला पोहोचतात. त्याचे फायदे उघड आहेत: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने उत्तरेकडे चालणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो, आणि शेवटी गोकर्णात मुक्काम, जेवण आणि महाबळेश्वराचे दर्शन अशी सोय होते. परंतु या क्रमाने गेल्यास सोंडांचा अवघड भाग थकलेल्या पायांनी, दुपारच्या उन्हात आणि पाणी संपत आलेले असताना पार करावा लागतो. गोकर्णाहून निघाल्यास तोच भाग सकाळच्या सावलीत होतो, दुपारच्या वेळी नदीवर विश्रांती मिळते आणि उरलेली वाट सुरूच्या बनातून जाते. सूर्य मात्र तोंडावर असतो, त्याला टोपीखेरीज उपाय नाही. शिवाय कुमट्याचे रेल्वे स्थानक गावालगतच आहे, तर गोकर्ण रोड स्थानक गोकर्णापासून आठ-दहा किलोमीटर आत आहे, त्यामुळे रात्रीच्या गाडीने परतणाऱ्याला कुमट्याचा शेवट सोयीचा पडतो. एका दिवसासाठी मी गोकर्णाहून निघणेच पसंत करीन. दोन दिवस असतील आणि मध्ये कागालजवळ मुक्काम करायचा असेल, तर कुमट्याहून निघावे, कारण मग अवघड भाग दुसऱ्या दिवशीच्या ताज्या सकाळी येतो.

नदी ओलांडण्याच्या त्या थोड्या मिनिटांबद्दल लिहिल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही. अघनाशिनी ही शिरसीजवळ उगम पावून सुमारे १२० किलोमीटर वाहणारी नदी आहे आणि तिच्यावर एकही मोठे धरण नाही. तिच्या खाडीला 2024 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात किंवा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून शिंपल्या वेचणारी माणसे होडीतून दिसतात, आणि खाडीच्या आतल्या अंगाला खारे पाणी सोसणारे कग्गा नावाचे भात पिकते. दोन्ही टप्प्यांपैकी कोणताही एकच निवडणाऱ्याने दिवसाच्या शेवटी किंवा सुरुवातीला होडीने ही नदी पार करावीच. उत्तरेचा टप्पा बेलेकानलाच संपवून रिक्षाने गोकर्णाला परतणारे पुष्कळ असतात. त्यांनी तदडीपर्यंत आणखी अर्धा-पाऊण तास चालावे, पलीकडे जाऊन चहा घ्यावा आणि परत यावे.

होडीच्या वेळा आदल्या दिवशी तदडीला किंवा गोकर्णात विचारून ठेवाव्यात. संध्याकाळची शेवटची होडी चुकली तर पैलतीरावरचे गाव डोळ्यांसमोर दिसत असताना मिरजानचा तो सगळा वळसा गाडीने घालावा लागतो, आणि त्या वेळी तदडीत गाडी मिळेलच असे नाही. जून ते सप्टेंबर या काळात दोन्ही टप्पे सोडून द्यावेत: सड्यावर शेवाळ असते, पुळणी अरुंद होतात आणि समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. महाशिवरात्रीच्या आठवड्यात गोकर्णात रथोत्सवाची गर्दी असते आणि खोली मिळणे कठीण होते, तेव्हा त्या दिवसांत जायचे असल्यास मुक्काम कुमट्यात करून दक्षिणेचा टप्पा घेणेच शहाणपणाचे आहे.