चार सूत म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे : प्लंज राऊटर, आठ महिन्यांनंतर

मागच्या रविवारी सागाची एक फळी वाया गेली. पंचवटीतला एक जुना वाडा उतरवत होते, तेव्हा त्याची तुळई मी विकत घेतली होती. चिरून आणली, खिळे शोधून शोधून काढले, दोन महिने सावलीत ठेवली आणि त्यातून आईसाठी देवघर करायला घेतलं. १८ मिमी जाडीच्या बाजूच्या फळीत राऊटरने, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या मशीनने, १० मिमी खोल खाच पाडायची होती. टरेटवर, म्हणजे खोली ठरवणाऱ्या फिरत्या ठोकळ्यावर, तीन टप्पे लावले होते : ४, मग ३, मग ३. शेवटच्या टप्प्यात अर्ध्यावर गेल्यावर आवाज जड झाला, हाताला ओढ लागली. बिट, म्हणजे कापणारं पातं, वर घेतलं, मशीन बंद करून पाहिलं तर खाच एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला साडेचौदा. तशी फळी आता बाजारात मिळत नाही.

मशीन म्हणजे सध्या ऑनलाइन सगळीकडे दिसणारं १८५० वॉटचं प्लंज राऊटर (मोटर दाबून बिट वरून लाकडात उतरवता येतं असं), मी ६,४०० रुपयांना घेतलेलं. कंपनीचं नाव देत नाही. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहे, ते उगाळत बसत नाही.

आधी मला वाटलं प्लंजचं लॉक घसरलं. पण खोलीची पट्टी जिथे होती तिथेच होती. म्हणजे मोटर खाली आली नव्हती, बिटच कोलेटमधून, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या नळीतून, साडेचार मिलिमीटर बाहेर आलं होतं. आणखी दोन फूट खाच असती तर ते मिनिटाला २२,००० फेऱ्यांवर सुटून बाहेर पडलं असतं. शेजारी माझी मुलगी फळी धरून उभी होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सोमवारी मशीन घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने कोलेट हातात घेऊनही पाहिलं नाही. "काका, बिट सैल लावलं असणार. आणि कोलेट कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही." मी दोन पान्यांनी आवळलं होतं, अगदी दाबून. तपासायचे ४८० रुपये मागितले. पाऊण तास वाद घातला आणि मशीन तसंच परत आणलं. घरी येऊन रागात जे लिहायला घेतलं त्याचा मथळा होता 'हे मशीन घेऊ नका'. तो मजकूर मी काढून टाकतोय, कारण मंगळवारी वेगळंच निघालं.

आमच्या खालच्या मजल्यावरचे दादा सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये आहेत. ते व्हर्नियर घेऊन वर आले. बिटचा शँक, म्हणजे कोलेटमध्ये जाणारा दांडा, भरला ११.९८ मिमी. कोलेट पुसून उजेडात धरलं तर त्यावर बारीक कोरलेलं : १/२. अर्धा इंच. म्हणजे १२.७ मिमी. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय '१२ मिमी कोलेट'.

सगळं दुखणं या ०.७ मध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ साली आला, पण लाकूड अजून घनफुटावर विकलं जातं आणि मिस्त्री सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच, इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणून चार सूत म्हणजे बरोबर १२.७. बोलताना सगळे त्याला 'बारा' म्हणतात. प्लायच्या बाबतीत ते चालून जातं, कोलेटच्या बाबतीत नाही. कोलेट म्हणजे चिरा दिलेली पोलादी नळी. नट आवळला की ती निमुळत्या जागेत बसते आणि शँकला पूर्ण लांबीभर घट्ट धरते. तिचं आकसणं अगदी थोडं असतं. बारीक शँक घातला की ती तोंडाशी तेवढी चिमटते, मागची बाजू मोकळी राहते. पाना हाताला घट्ट लागतो, आणि पकड मात्र एका कडेपुरती असते. त्यात माझं बिट स्पायरल, भुसा वर फेकणारं. असं बिट कापताना स्वतःला खाली लाकडात खेचतं. मग ते घसरणारच.

सात महिने काही झालं नाही, कारण सात महिने मी ८ मिमीची बिटं वापरली, सोबत आलेल्या स्लीव्हमधून, म्हणजे कोलेटच्या आत बसणाऱ्या नळीतून. स्लीव्ह बाहेरून १२.७ आणि आतून ८, त्यामुळे जुळत होतं. १२ चं हे पहिलंच बिट. ते मी रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून घेतलं आणि विचारून घेतलं होतं. उत्तर आलं, "चार सूत म्हणा की बारा एमएम, एकच." काही मशीनसोबत खरोखर १२ चं कोलेट येतं, काहींसोबत १२.७ चं. ट्रिमरमध्येही, म्हणजे छोट्या राऊटरमध्येही, हाच घोळ आहे : दोन सूत म्हणजे ६.३५, आणि ६ मिमीचं बिट त्यात गेलं तरी धरलं जात नाही. बिट घ्यायला जाताना कोलेट खिशात घेऊन जा. दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल.

कोलेटबद्दल आणखी थोडं. बिट पूर्ण आत टेकवायचं आणि मग दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढून आवळायचं. तळाला टेकलेलं बिट आवळताना नीट बसत नाही. बिट नसताना नट आवळून ठेवायचा नाही. सागाचा भुसा आणि चिकटा कोलेटच्या चिरांत जमतो, तो दर वेळी ब्रशने काढायचा. उघडताना नट सैल होतो, थोडा मोकळा फिरतो आणि पुन्हा जड लागतो. तिथे अडकलं असं समजून बिटावर हातोडी मारू नका, आणखी एकदा पाना फिरवला की सुटतं. हे सगळं बिट बदलताना प्लग काढून. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं समजायचं नाही.

बाकी मशीनचं काय? प्लंज सुरेख आहे. दोन्ही दांड्यांवर सारखा भार दिला की लोण्यासारखं खाली जातं. मोटर आधी सुरू करायची, पूर्ण वेग घेऊ द्यायचा, मग बिट लाकडात उतरवायचं. संपलं की लॉक सोडायचं, स्प्रिंग बिटाला बेसच्या वर ओढून घेते, आणि मगच बटण बंद. बिट आत राहतं म्हणून मशीन टेबलावर ठेवताना धाकधूक नसते, आणि साध्या राऊटरऐवजी प्लंज घेण्याचं माझ्या मते हेच खरं कारण आहे. सॉफ्ट स्टार्टही आहे, सुरू होताना मनगटाला हिसका बसत नाही.

स्विचवर मात्र माझा राग कायम आहे. त्याला दाबून अडकवायचं बटण आहे. जूनमध्ये वादळी पावसात काम चालू असताना वीज गेली. मी मशीन फळीवर ठेवलं आणि खिडक्या लावायला गेलो. वीज आली तशी मशीन आपोआप सुरू झालं. बिट वर होतं म्हणून निभावलं, पण ते सरकत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं होतं. वीज परत आली तरी पुन्हा दाबेपर्यंत सुरू न होणारे स्विच असतात. या किमतीत ते मिळत नाहीत. तेव्हापासून ते अडकवायचं बटण मी वापरत नाही. वीज गेली की आधी प्लग काढतो.

दिशेबद्दल नव्या लोकांचा गोंधळ होतो. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. म्हणून फळीच्या बाहेरच्या कडांना गोलाई देताना मशीन उलट्या दिशेने न्यायचं, आणि चौकटीच्या आतून फिरताना सुलट. मी मुलीला असं शिकवलं : आतून प्रदक्षिणा, बाहेरून उलटी. चुकलं तर बिट चाकासारखं कडेवर धावतं आणि मशीन हातातून ओढून नेतं. मोठ्या बिटाला वेग कमी लागतो, ५० मिमीच्या पुढे तर बराच कमी. डायल आहे, वापरा. लाकूड क्लँपने टेबलाला बांधा, कोणाला धरायला लावू नका. हे मी मागच्या रविवारपर्यंत करत होतो, आता नाही. चष्मा आणि कानावर मफ लागतातच. मास्क सागाला तर हवाच. त्याच्या भुशाने मला दोन दिवस शिंका येतात.

गुरुवारी १२ मिमीचं कोलेट आलं, ३५० रुपयांना, दुसऱ्याच कंपनीचं पण याच मशीनला बसणारं. आधी टाकाऊ बाभळीवर चालवलं. नटाच्या अगदी लगत शँकवर मार्करची रेघ मारली, तीन टप्प्यांत १० मिमी खाच पाडली आणि रेघ पाहिली. हलली नव्हती. खोक्यावरच्या चुकीच्या आकड्याचा फोटो कंपनीला दोनदा पाठवला आहे, उत्तर नाही. उत्तर येईपर्यंत पाचपैकी तीन तारे. तुळईचा जो तुकडा उरलाय त्यातून देवघराची बाजू निघते, फक्त दोन इंच उंची कमी करावी लागेल. आईला विचारलं, चालेल म्हणाली.