दस्तऐवजातील कोड उदाहरणे: डॉकटेस्ट की स्वतंत्र फाइल?

समजा, नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधील एखादी लहान चमू कळमना बाजारातील संत्र्यांच्या लिलावाचे हिशेब करणारी पायथन लायब्ररी सर्वांसाठी खुली करणार आहे. वापरणारा दस्तऐवजातील उदाहरण उचलून थेट आपल्या फाइलीत डकवतो, त्यामुळे ते प्रत्येक आवृत्तीत चालले पाहिजे. त्यासाठी दोन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली डॉकटेस्टची. २००१ मध्ये आलेल्या पायथन २.१ पासून हे साधन भाषेसोबतच मिळते. डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे फंक्शनच्या आतच लिहिलेल्या त्याच्या वर्णनात, उदाहरण आणि त्याखाली अपेक्षित आउटपुट लिहायचे. साधन ते चालवून दोन्ही मजकूर ताडून पाहते. फंक्शन बदलणाऱ्याच्या नजरेसमोरच उदाहरण असते, हा याचा मोठा लाभ आहे. मात्र येथे तुलना मूल्यांची नसून छापलेल्या अक्षरांची होते. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची २.० आवृत्ती आली आणि कन्सोलवर पूर्वी नुसता ३१५०.० दिसणारा सरासरी भाव फ्लोट६४ या प्रकाराच्या नावासह कंसात दिसू लागला. हिशेब तोच राहिला, तरी अशा डॉकटेस्ट नापास झाल्या. उत्तर प्रिंटने छापले की हा प्रश्न टळतो. जुळत नाही तेथे ‘काहीही चालेल’ अशा अर्थाचे एलिप्सिसचे तीन टिंब टाकण्याचा पर्यायही आहे, पण त्याची सवय लागली की चाचणी नावापुरती उरते.

दुसऱ्या पद्धतीत उदाहरणे चाचण्यांसोबत स्वतंत्र फाइलींत राहतात, पायटेस्ट हे चाचण्यांचे साधन त्या चालवते आणि दस्तऐवजाची पाने तयार करणाऱ्या स्फिंक्सची लिटरलइन्क्लूड ही सूचना त्यांतील खुणा केलेला भाग पानावर आणते. दिवसभराच्या लिलावाची फाइल वाचून प्रतवारीनुसार सरासरी काढण्यासारख्या लांब मार्गदर्शिकेला हीच पद्धत मानवते. धोका खुणांचा आहे: इम्पोर्टची ओळ खुणेबाहेर राहिली, तर चाचणी पास होते आणि वाचकाने डकवलेला कोड मात्र चालत नाही. (गो भाषेत अशी उदाहरणे चाचणीच्या फाइलीत ठेवण्याची सोय मुळातच आहे.)

उदाहरण चालते म्हणजे ते भाषेच्या रीतीला धरून आहे, असे नव्हे. पायथन ३.१२ पासून डेटटाइमचे यूटीसीनाऊ (चालू यूटीसी वेळ देणारे फंक्शन) कालबाह्य ठरवले गेले असले, तरी ते वापरणारे उदाहरण अजून बिनदिक्कत चालते. डेप्रिकेशनच्या, म्हणजे कालबाह्यतेच्या, सूचनांना एरर मानण्याची सेटिंग केली, तरच ते दोन्ही पद्धतींत पकडले जाते. रेंज आणि लेन यांची जोडी लावून यादी फिरवणे किंवा विथ न वापरता फाइल उघडणे अशा रीतीला सोडून असलेल्या गोष्टींबद्दल चाचणी तक्रार करत नाही. येथे स्वतंत्र फाइल सरस ठरते, कारण लिंटर, म्हणजे कोड न चालवता त्यातील दोष दाखवणारे साधन, तिला साध्या कोडप्रमाणे तपासते. रफसारखे लिंटर डॉकस्ट्रिंगमधील कोडची मांडणी नीट करते, पण त्यावर लिंटचे नियम लावत नाही.

एकच पद्धत निवडायची असेल, तर मी स्वतंत्र फाइली निवडेन. लायब्ररीत दोन-तीन ओळींत समजणारी छोटी फंक्शनेच असतील, तर मात्र डॉकटेस्ट पुरे. मग लिंटरकडून न होणारी रीतीची तपासणी, लायब्ररी लिहिण्यात ज्याचा हात नव्हता अशा सहकाऱ्याकडे, प्रत्येक प्रकाशनापूर्वी सोपवावी.