चौदाशे नव्याण्णवचं बंडल आणि अकरा वेबसाईट

अमरावती जिल्ह्यातल्या वरुडला बस स्टँडजवळ माझं छोटं दुकान आहे. पीक विमा, सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे रोजचं काम, आणि त्याच्या जोडीला गेली सहा वर्षं वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाईट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर, वेबसाईट बनवून देतो. गिऱ्हाइकं आसपासचीच. संत्र्याच्या नर्सऱ्या, दोन कृषी सेवा केंद्रं, एक मंगल कार्यालय, मोर्शीकडची एक शाळा. अशा अकरा साईट मी सांभाळत होतो. मागच्या पावसाळ्यात त्या अकराच्या अकरा बिघडल्या, आणि ज्याने त्या बिघडवल्या त्यालाच मी दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे दिले. आता प्रत्येक तालुक्याला माझ्यासारखी दुकानं आहेत. मी ज्या जाहिरातीला भुललो ती त्या पोरांच्याही मोबाईलवर येतेच, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितो.

आधी पैशाचं सांगतो, कारण सुरुवात तिथूनच होते. आमच्याकडे डोमेन (साईटचा पत्ता), होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) धरून वेबसाईटचे आठ-दहा हजार मिळतात. तेही घासाघीस करून, "माझ्या साळ्याच्या पोराने पाच हजारात करून दिली" हे ऐकून घेऊन. त्यात पानं मांडायच्या पेज बिल्डरचं खरं लायसन घ्यायचं तर वर्षाला चार-पाच हजार. फॉर्मचं प्लगिन, बुकिंगचं प्लगिन (प्लगिन म्हणजे साईटला जोडायचा जादा भाग) यांचे पैसे वेगळे. एवढं सगळं विकत घेतलं तर हातात काही उरत नाही. अशा वेळी टेलिग्रामवर जाहिरात दिसली: १,८०० प्रीमियम प्लगिन, ७०० थीम (साईटचे तयार साचे), लाईफटाईम अपडेट, फक्त १,४९९ रुपये. खाली लिहिलेलं, "शंभर टक्के जीपीएल, पूर्ण कायदेशीर."

मी फसलो तो या कायदेशीर शब्दावर. चोरीचा माल मी घेतला नसता. वर्डप्रेस जीपीएल या खुल्या परवान्यावर चालतं, आणि त्या परवान्याखाली आलेला कोड दुसऱ्याला देता येतो, विकताही येतो, हे मला ठाऊक होतं. विकणाऱ्याने तेच सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण परवान्याने कोड पुढे द्यायची मुभा मिळते. वाटेत त्यात कोणी काय कालवलं याची हमी परवाना देत नाही. शिवाय खऱ्या लायसनमध्ये आपण मुख्यतः अपडेटचे आणि मदतीचे पैसे देतो. या बंडलात लायसन तपासणारा भाग कापून टाकलेला असतो, त्याला नल्ड म्हणतात. म्हणजे अपडेट कंपनीकडून येत नाही. विकणारा जी झिप (फाईलींचं गाठोडं) पाठवेल तीच आपण चढवायची.

मी चढवत गेलो. सात-आठ महिने काही झालं नाही, सगळं सुरळीत चाललं. दोन मित्रांना तर मीच ते बंडल सुचवलं. त्या दोघांची माफी मी मागितली आहे, इथेही मागतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी शेंदूरजनाघाटच्या नर्सरीवाल्या काकाजींचा फोन आला. पाऊस तोंडावर आला की कलमांच्या मागणीचे हे दिवस. पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरपासूनचे शेतकरी भाव विचारतात, फोटो पाहतात, बुकिंग करतात. काकाजी म्हणाले, "बाबू, माह्या नर्सरीचं नाव दाबलं तं जुगाराचं निंघून राह्यलं. पांढुर्ण्याचा मानूस म्हणते, काकाजी तुमी कलमा इकनं सोडून पैसे लावाचा धंदा सुरू केला काय?"

मी लॅपटॉपवर साईट उघडली. संत्र्याचे फोटो, भावपत्रक, सगळं जागेवर. म्हटलं, "काकाजी, साईट ठीक आहे, त्या माणसाच्या मोबाईलमध्ये काहीतरी असेल." त्या एका वाक्याने चार दिवस गेले. चौथ्या दिवशी काकाजींच्या सुनेने माहेरच्या पाहुण्यांना नर्सरी दाखवावी म्हणून साईट उघडली, तर सगळ्यांसमोर घाणेरडी चित्रं आली. काकाजी त्या दिवशी फोनवर रागावले नाहीत. "सूनबाई रडून राह्यली, एवढं पाहा," इतकंच बोलले आणि फोन ठेवला.

मला ते का दिसत नव्हतं, ते नंतर कळलं. असा कोड माणूस पाहून वागतो. जो ॲडमिन, म्हणजे साईटचा कारभारी, म्हणून लॉगिन आहे त्याला खरी साईट दाखवतो. जो गूगलवरून, मोबाईलवरून, पहिल्यांदा येतो त्याला दुसरीकडे ढकलतो, आणि बऱ्याचदा एकदा ढकललं की त्याच माणसाला पुन्हा ढकलत नाही. म्हणून गिऱ्हाईक तक्रार करतं आणि आपण त्याला खोटं पाडतो. गिऱ्हाईक असं काही सांगेल तर आपल्या लॅपटॉपवर विश्वास ठेवू नका. वायफाय बंद करा, मोबाईलच्या डेटावर, इनकॉग्निटोमध्ये, गूगलमध्ये नाव शोधून त्या निकालावरून आत जा. गूगलमध्ये इंग्रजीत 'site:' आणि त्याला चिकटून आपलं डोमेन टाकूनही पाहा. मी टाकलं तेव्हा काकाजींच्या नर्सरीच्या नावावर जपानी अक्षरांची शेकडो पानं निघाली, कसल्या कसल्या वस्तू विकणारी. नर्सरीच्या निकालाखाली गूगलने ही साईट हॅक झालेली असू शकते असं लिहिलं होतं.

आणखी दोन साईटचंही तसंच निघालं. मी घाबरलो, आणि दुसरी फसवणूक त्या घाबरण्यातच झाली. बंडल विकणाऱ्याच्याच चॅनेलवर मी मदत मागितली. पाच मिनिटांत त्यांच्या 'सिक्युरिटी टीम'चा मेसेज आला. तुमचं होस्टिंग कमजोर आहे, हल्ला तिथून झाला, आम्ही साफ करून देऊ, तीन साईटचे ९,००० रुपये. फक्त सीपॅनेलचा (होस्टिंग चालवायच्या पानाचा) आणि वर्डप्रेसचा पासवर्ड द्या. मी दोन्ही दिले. होस्टिंगच्या एकाच खात्यात अकराही साईट होत्या, म्हणजे एका पासवर्डात मी सगळ्यांच्या किल्ल्या दिल्या. रात्री दोनला मेसेज आला, "क्लीन." सकाळी पाहिलं, साईट खरंच साफ. काकाजींना फोन करून सांगितलं, त्यांनी मनापासून आशीर्वाद दिला.

पंधरा दिवसांनी तीनऐवजी अकरा साईट बिघडल्या. 'सिक्युरिटी टीम' म्हणाली, महिन्याचा २,५०० रुपयांचा प्लॅन घ्या, नाहीतर हे होतच राहील.

त्या रात्री मी वर्डप्रेसचं युजर्सचं पान उघडून बसलो होतो. यादीत एकच नाव, माझं. पण यादीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'सर्व (२)'. मी तो आकडा किती तरी वेळा पाहिला असेन, वाचला कधी नव्हता. दोन माणसं आहेत आणि दिसतो एकच. पीएचपीमायॲडमिनमध्ये, जिथे साईटचा डेटाबेस थेट दिसतो, जाऊन युजर्सचा टेबल उघडला तर तिथे दुसरा ॲडमिन होता, नाव साधं, 'सपोर्ट'सारखं. यादीतून त्याला लपवणारा कोड प्लगिनमध्ये होता. मग सीपॅनेलमध्ये एफटीपी खाती, म्हणजे फाईली चढवायची-उतरवायची खाती, पाहिली. मी न बनवलेलं एक खातं, तारीख साफसफाईच्या रात्रीची. माझे हातपाय गार पडले.

अमरावतीला माझा एक मित्र सर्व्हर सांभाळायचं काम करतो. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याच्याकडे एका थीमची विकत घेतलेली मूळ प्रत होती. माझ्या झिपमधली आणि त्याची, अशी दोन फोल्डर त्याने शेजारी शेजारी उघडून ताडून पाहिली. माझ्यात एक फाईल जास्त निघाली, 'क्लास डॉट थीम-मॉड्युल्स डॉट पीएचपी' नावाची. नाव इतकं सभ्य की कोणाला संशय येऊ नये. फंक्शन्सच्या फाईलच्या अगदी वर तिला बोलावणारी एक ओळ होती. मित्र म्हणाला, हा डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा जुना रोग आहे. २०१९ मध्ये वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने त्यावर अहवाल काढला होता. तो नल्ड थीम आणि प्लगिनमधूनच पसरतो, आणि एकदा आत शिरला की त्याच होस्टिंग खात्यातल्या बाकीच्या साईटमध्येही घुसतो. म्हणजे ज्या साईटवर बंडलातलं काहीच नव्हतं, त्या शाळेची साईटही माझ्यामुळेच गेली.

फोटो ठेवायच्या अपलोड्सच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाईली, म्हणजे कोडच्या फाईली, सापडल्या. तिथे फोटो आणि कागदपत्रं असायला हवीत, पीएचपी दिसली की आधी संशय घ्या. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, जिथे साईटमालक आपली साईट नोंदवतो, काकाजींच्या साईटचा एक अनोळखी मालक नोंदवलेला होता. त्याला काढून भागत नाही. ज्या फाईलने त्याने मालकी सिद्ध केली ती साईटवर राहिली तर तो पुन्हा नोंदवून घेतो.

सफाईला दोन आठवडे लागले. जुन्या फाईलींतला बिघाड वेचत बसायचं नाही, असं मित्राने पहिल्या दिवशीच बजावलं. प्रत्येक साईटला वेगळं होस्टिंग खातं, वर्डप्रेस मूळ ठिकाणाहून नवं, प्लगिन वर्डप्रेसच्या स्वतःच्या डिरेक्टरीतले किंवा बनवणाऱ्याकडून घेतलेले. जुन्यातून आणले ते फक्त फोटो, एकेक तपासून, आणि डेटाबेस, त्यातला मजकूर वाचून. सगळे पासवर्ड बदलले. कॉन्फिगच्या फाईलमधल्या गुप्त किल्ल्याही बदलल्या. त्या बदलल्या की आधी लॉगिन होऊन बसलेला प्रत्येक जण बाहेर फेकला जातो. मग गूगलकडे फेरतपासणीची विनंती. इशारा आठवड्याभरात गेला, जपानी पानं निकालातून जायला दिवाळी उजाडली. काकाजींचा कलमांचा हंगाम तोवर संपला होता.

एका ऑनलाईन साईटचं एवढं काय, असं कोणाला वाटेल. मी काकाजींच्या नर्सरीवर माफी मागायला गेलो, तेव्हा ते जंबेरीच्या (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या लिंबाच्या जातीच्या) रोपांवर डोळे, म्हणजे अंकुर, भरणाऱ्या मजुरांजवळ उभे होते. पेन्सिलीएवढ्या जाडीचं रोप, साल उभी चिरायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा, पट्टीने गुंडाळायचा. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, डोळ्यांच्या काडीवरून त्यांची नजर हलली नाही. मग म्हणाले, "हा डोळा कोन्त्या झाडाचा हाये, मले मालूम असते. शेतकऱ्याले झाड फळावर आल्यावर समजते, चार-पाच वर्सानं. तवर त्यानं खत, पानी, सारं घातलेलं असते. म्हनून डोळा घेताना पाह्याचं असते बाबू. तू जे लावून राह्यला होता, ते कोन्या झाडाचं होतं, तुले मालूम होतं काय?"

मला ठाऊक नव्हतं. आता प्रत्येक साईटची वही ठेवतो. कोणतं प्लगिन, कुठून आणलं, कधी, कोणाच्या नावावर लायसन. डोमेनही गिऱ्हाइकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घेतो. वर्षाला ३,००० रुपये देखभालीचे घेतो आणि ते कशाचे हे ती वही दाखवून समजावतो. तिघांनी साईट काढून घेतल्या, त्यांचा राग बरोबर आहे. काकाजी राहिले.

तक्रारीचं राहिलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवली. पण उशीर झाला होता. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात, मी दीड महिन्यानं कळवलं. पुरावा म्हणून टेलिग्राम उघडला तर संवाद नव्हता. टेलिग्रामवर समोरचा माणूस अख्खं बोलणं दोन्हीकडून पुसू शकतो, हे मला त्या दिवशी पोलीस ठाण्यात बसून कळलं. उरले ते यूपीआयच्या दोन पावत्यांचे क्रमांक. अशा कोणाशी बोलणं झालंच तर बोलता बोलताच स्क्रीनशॉट घेत जा, नंतर घेऊ म्हणू नका.

मागच्या आठवड्यात मोर्शीच्या एका पोराने मला एक जाहिरात पाठवली, "दादा, हे घेऊ का?" चॅनेलचं नाव नवं, मजकूर तोच, अगदी 'पूर्ण कायदेशीर'सकट. भाव मात्र ९९९ झालाय. मी लगेच फोन लावला. त्याने पैसे आधीच भरले होते, झिप उतरवली होती, एका दवाखान्याच्या साईटवर रात्री चढवणार होता. त्याला म्हटलं, आधी १९३० ला फोन कर, मग ती झिप आहे तशी ठेव, उघडू नको, पुसूही नको. रविवारी तो लॅपटॉप घेऊन वरुडला येतोय.