हतनूर मार्चमध्ये बघायचं की मेमध्ये?

भुसावळकडं आलात की तापीवरच्या हतनूर धरणावर जायचंच, पण कधी जाताय त्यावर बरंच अवलंबून आहे, कारण मार्चमधलं धरण आणि मेमधलं धरण एकच आहे हे सांगूनही पटत नाही.

मार्चमध्ये, म्हणजे होळीच्या आसपास, पळस पेटलेला असतो, सकाळी अजून थोडा गारवा असतो, आणि मेन म्हणजे थंडीतले पाहुणे पक्षी सगळेच गेलेले नसतात. चक्रवाक, तलवार बदक अजून दिसतात, पण उत्तरेकडं निघायच्या तयारीत, त्यामुळं रोज थोडे थोडे कमी होत जातात. मला हाच काळ आवडतो, थवे पाहायचे तर उशीर नकोच.

मेमध्ये? ऊन ४५ च्या आसपास, दहानंतर बाहेर थांबणं म्हणजे वेडेपणा. कालव्याचा उपसा आणि बाष्पीभवन, दोन्हीमुळं पाणी मागं सरकतं, तापी-पूर्णेनं आणलेला गाळ उघडा पडतो, जमीन तडकते. बदकं नाहीत. पण ज्याला रिकामं समजतो ना, तिथंच उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर नदीसुरय पक्षी अंडी घालतात, तेव्हा काठावरून बिनधास्त फिरू नका, अंडी वाळूतच असतात, पटकन दिसत नाहीत. बहावा, गुलमोहर फुललेला असतो ते वेगळं.

४१ दरवाज्यांतून पाणी सुटताना बघायचं असेल तर मात्र दोन्ही महिने बाद, पावसाळ्यात या. नाहीतर माझं मत मार्चलाच, आणि पहाटेच, दुर्बीण घेऊन.