पहिल्या ओळीत डोळे कोणाचे? स्कॉटिश रहस्यकादंबरी निवडताना

स्कॉटलंडच्या गुन्हेकथा वाचायला घ्यायच्या म्हटलं की आधी यादीच अंगावर येते. रीबस या एडिंबरातल्या पोलीस अधिकाऱ्यावरच्या इयन रँकिन यांच्या मालिकेतच दोन डझन पुस्तकं आहेत. मलपृष्ठावरच्या स्तुतीवरून निवड करू नका, कारण ती सगळ्यांवर सारखीच असते. पहिलं पान उघडा. मात्र ते किती थरारक आहे याकडे लक्ष देऊ नका, ते कोणाच्या नजरेतून लिहिलंय ते बघा. खुनी, संशयित, मृतदेह पाहणारा, की पोलीस? पुढची तीनशे पानं तुम्हाला कोणाच्या सोबतीनं काढायची आहेत, याचा अंदाज बहुतेक वेळा तिथंच येतो. जिथं येत नाही अशी पुस्तकंही आहेत, आणि फसगत तिथंच होते.

सुरुवात ग्लासगोपासून करू. विल्यम मॅकिल्व्हॅनी यांची ‘लेडलॉ’ (१९७७) धावण्यापासून सुरू होते. फुटपाथवर आपटणारे पाय, डोळ्यांवर येणारे गाड्यांचे दिवे, आणि हे सगळं ‘तू’ म्हणून सांगितलेलं. धावणारा तरुण नुकताच खून करून पळालाय आणि लेखकानं तुम्हाला थेट त्याच्याच अंगात घातलंय. म्हणजे ‘खुनी कोण’ हा प्रश्न पहिल्याच प्रकरणात निकालात निघतो. उरतो तो दुसरा प्रश्न: त्याच्यापर्यंत आधी कोण पोहोचणार? डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर लेडलॉ, खून झालेल्या मुलीचा सूडानं पेटलेला बाप, की शहरातले गुंड? शेवटच्या पानावर मुखवटा उतरलाच पाहिजे, असं वाटणाऱ्याची इथं निराशा होईल. पण माणूस खुनापर्यंत कसा जातो, शहर त्याला कसं घडवतं, यात रस असेल तर याच्याइतकं चांगलं प्रवेशद्वार नाही. उगाच नाही २०१६ पासून स्कॉटलंडचा वार्षिक गुन्हेकथा पुरस्कार मॅकिल्व्हॅनींच्या नावानं दिला जात. अडचण संवादांची आहे. ग्लासगोची बोली उच्चारानुसार लिहिलेली असल्यानं पहिली तीस-चाळीस पानं गाडी हळू चालते. वाक्य मनात मोठ्यानं म्हणून बघितलं की अर्थ लागतो. प्रत्येक शब्दाला कोश उघडला तर पुस्तक हातातून सुटतं.

एडिंबरात रँकिन यांची पहिली रीबस कादंबरी ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ (१९८७) उघडते ती एका मुलीच्या किंकाळीनं. ती एकदाच, फक्त एकदाच किंचाळते. लगेच पुढं कळतं की तेवढी किंकाळीही ‘त्याच्या’ हातून झालेली बारीकशी चूक होती. इथंही नजर खुन्याचीच आहे, पण लेडलॉच्या उलट. तिथं घाबरलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो, इथं हिशेब ठेवणारं थंड डोकं दिसतं, आणि नाव झाकलेलं राहतं. म्हणजे कोडं शिल्लक आहे. गंमत पुढं आहे. वीस वर्षांनी रीबसच्या निवृत्तीची कथा म्हणून आलेल्या ‘एक्झिट म्युझिक’ची (२००७) सुरुवात रँकिन यांनी जवळपास त्याच वाक्यानं केली. फरक एवढाच की आता किंचाळते ती मृतदेह बघणारी मुलगी, बळी पडलेली नव्हे. खुन्याकडून साक्षीदाराकडे सरकलेल्या या नजरेत मालिकेचा सगळा प्रवास दिसतो. सुरुवातीचा रीबस हा स्वतःच्या भूतकाळानं पछाडलेला, थरारकथेचा नायक आहे. नंतरचा रीबस शहराचा, राजकारणाचा आणि पैशाचा साक्षीदार होतो. दोन पुस्तकं शेजारी ठेवून पहिलं पान वाचलं तर तुम्हाला कोणता रीबस हवा ते पाच मिनिटांत कळेल. पहिली कादंबरी छोटी आहे, पण विषय लहान मुलींच्या अपहरणाचा आणि खुनाचा आहे, हे लक्षात असू द्या. ते नको असेल तर आठव्या ‘ब्लॅक अँड ब्लू’पासून (१९९७) सुरुवात करायला हरकत नाही, लेखकाला खरी पकड सापडली ती तिथं.

डेनिस मिना यांच्या ‘गार्नेटहिल’च्या (१९९८) पहिल्या वाक्यात ना रक्त आहे, ना किंकाळी. मॉरीन डोळे पुसते, सिगरेट पेटवते, खिडकीचे जाड लाल पडदे बाजूला सारते. पण डोळे पुसते ती वैतागून. त्या एका क्रियाविशेषणात अख्खी व्यक्तिरेखा आहे: रडणं आलं याचाच तिला राग आलाय. पुढं तिच्याच घरात तिच्या प्रियकराचा मृतदेह खुर्चीला बांधलेला सापडतो, आणि मानसिक उपचार घेतलेली बाई म्हणून पोलिसांची नजर तिच्यावर जाते. नायक म्हणून पोलीस नको असेल तर माझं मत सरळ या पुस्तकाला आहे. लैंगिक अत्याचाराचा धागा कथेच्या गाभ्याशी आहे, तेव्हा तयारीनंच घ्या.

आता बेटं. अॅन क्लीव्ज यांची ‘रेव्हन ब्लॅक’ (२००६) आणि पीटर मे यांची ‘द ब्लॅकहाउस’ यांतलं कोणतं घ्यावं इथं बहुतेकजण अडकतात, कारण दोन्हींत थंडी, समुद्र आणि एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी माणसं आहेत. पहिल्या ओळी मात्र दोन टोकांच्या. क्लीव्ज यांच्या शेटलंडमध्ये नववर्षाच्या रात्रीचे एक वाजून वीस मिनिटं झालेत. हे मॅग्नस या एकट्या म्हाताऱ्याला ठाऊक आहे, कारण आईचं जाडजूड घड्याळ शेकोटीवरच्या फळीवर बसलंय. तो पाहुण्यांची वाट बघतोय. गाव ज्याच्यावर पहिलं बोट ठेवणार, त्याच्या घरात, त्याच्या एकटेपणात लेखिकेनं तुम्हाला आधीच बसवून ठेवलंय. त्यामुळं पुढं गावाचा निवाडा तुम्हाला निमूट मान्य करता येत नाही. इंग्रजी सोपं, बोली कमी, संशयित मोजके आणि कोडं चोख. स्कॉटलंडची पहिलीच कादंबरी असेल तर हीच घ्या, जरी लेखिका स्वतः इंग्लिश असली तरी.

मे यांच्या लुईस बेटावर दोन सोळा वर्षांची मुलं शनिवारी रात्री अंधारात आडोसा शोधतात. मध्यरात्री रविवार लागणार आणि इथं रविवार कडक पाळला जातो, म्हणून घाई. कथन वर्तमानकाळातलं आहे आणि पहिल्याच वाक्यांत सांगून टाकलंय की त्यांना प्रेमाऐवजी मृत्यू सापडणार. हा प्रोलॉग, म्हणजे पहिल्या प्रकरणाआधीचा तुकडा, वेगवान आहे, पुस्तक तसं नाही. फिन मॅक्लाउडचा तपास तृतीयपुरुषी आणि त्याचं बालपण प्रथमपुरुषी, असं ते आलटून पालटून चालतं, आणि निम्मा जीव त्या बालपणातच आहे. गुगा पक्ष्यांच्या शिकारीसाठी खडकाळ बेटावर जाणाऱ्या माणसांचा भाग तर विसरता येत नाही. तपासाचीच घाई असलेल्याला हे लांबण लागेल. ब्रिटिश प्रकाशकांनी नाकारल्यावर हे पुस्तक २००९ मध्ये आधी फ्रेंचमध्ये आलं, इंग्रजीत २०११ मध्ये.

प्रोलॉगवर विसंबलात तर फसवणारं आणखी एक नाव म्हणजे व्हॅल मॅक्डर्मिड यांचं ‘द डिस्टंट एको’ (२००३). पहाटेच्या स्मशानभूमीत कोणी अनामिक उभा आहे, ही पहिली ओळ. खरं पुस्तक सुरू होतं त्यानंतर, १९७८ च्या डिसेंबरात, पहाटे चार वाजता सेंट अँड्र्यूजच्या बर्फातून घरी निघालेल्या चार विद्यार्थ्यांपासून. त्यांना एक मरणासन्न तरुणी सापडते आणि तेच संशयित ठरतात. निर्णय या दुसऱ्या सुरुवातीवरून घ्या. याच कादंबरीपासून सुरू झालेली ‘कॅरेन पिरी’ ही टीव्ही मालिका बघून येत असाल तर एक सूचना: पोलीस अधिकारी कॅरेन इथं उत्तरार्धात येते आणि तीही दुय्यम पात्र म्हणून.

स्टुअर्ट मॅकब्राइड यांच्या ‘कोल्ड ग्रॅनाइट’ची (२००५) पहिली ओळ मेलेल्या गोष्टींचं आकर्षण असलेल्या माणसाची आहे. अॅबर्डीन, पाऊस, लहान मुलांचे खून. ती ओळ सोसवली नाही तर पुढचंही सोसवणार नाही.

ग्रॅम मॅक्रे बर्नेट यांच्या ‘हिज ब्लडी प्रोजेक्ट’ला (२०१५) पहिल्या ओळी अनेक आहेत: प्रस्तावनेची, गावकऱ्यांच्या जबान्यांची, आणि मग सतरा वर्षांच्या रॉडरिक मॅक्रेच्या लेखी निवेदनाची, जे तो वकिलाच्या सांगण्यावरून लिहितोय. १८६९, कल्डूई गाव, तीन खून. कबुली आधीच दिलेली आहे. प्रश्न त्याच्या मनाच्या अवस्थेचा आहे. कागदपत्रं खरी वाटतात, पण सगळं काल्पनिक आहे. जबान्या एकमेकींना कुठं छेद देतात ते टिपत वाचलं तरच मजा.

ई-पुस्तकाचा मोफत नमुना उघडलात तर प्रोलॉग संपल्यावर थांबू नका. पहिल्या प्रकरणाची दोन पानं तरी वाचा. तपास कोणाच्या हातात आहे ते तिथं समजतं. वाचताना एक नाव वारंवार अडेल: प्रोक्युरेटर फिस्कल. स्कॉटलंडमध्ये इंग्लंडसारखा कोरोनर नाही. संशयास्पद मृत्यूची चौकशी आणि खटला चालवायचा की नाही, हे दोन्ही या फिस्कलकडे असतं. आणखी एक: स्कॉटिश कायद्यात गुन्ह्याच्या मुख्य बाबींना दुजोरा देणारा दुसरा पुरावा लागतो, म्हणून पोलीस चौकशीला जोडीनं जातात.

क्रमाचं बंधन सगळीकडं सारखं नाही. मे यांची लुईस त्रयी आणि मिना यांची गार्नेटहिल त्रयी पहिल्यापासूनच वाचायला हवी, नाहीतर आधीच्या पुस्तकाचं रहस्य फुटतं. रीबस मधूनही उचलता येतो. लेडलॉच्या मूळ तीन पुस्तकांपैकी तिसऱ्यात, ‘स्ट्रेंज लॉयल्टीज’मध्ये (१९९१), कथन लेडलॉ स्वतः करतो, पहिल्या दोन पुस्तकांत त्याला बाहेरून पाहिलं असेल तरच त्या बदलाचं वजन कळतं, म्हणून ते शेवटीच वाचा.