‘दोन महिन्यांचं हाय, एवढंच राहतंय’ म्हणून विकलेलं सशाचं पिल्लू

गेल्या जूनमध्ये बेळगावच्या शनिवारच्या बाजारात मी सशाची दोन पिल्लं १८०० रुपयांना घेतली. त्यातलं एक पाचव्या दिवशी माझ्या मांडीवर गेलं. पैशांचं आता काही वाटत नाही. पण जे खोटं सांगून ती पिल्लं माझ्या गळ्यात घातली, तेच खोटं आजही त्याच बाजारात सांगितलं जातंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. तुमच्या घरी कालपरवाच पिल्लू आलं असेल तर आधी एवढं करा: गाई-म्हशीचं दूध, पाव, बिस्कीट बंद. वाटीत स्वच्छ पाणी, पुढ्यात गवत आणि अंगाला ऊब. मग पुढचं वाचा.

माझी धाकटी तिसरीत आहे. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि रेनकोट घ्यायला आम्ही अनगोळहून बाजारात गेलो होतो. पावसाची भुरभुर चालू होती. भाजीवाल्यांची ओळ संपते तिथे एकजण क्रेटवर ताडपत्री धरून बसला होता. आत दहा-बारा पिल्लं एकमेकांच्या अंगाखाली शिरून गप्प पडलेली. त्यानं एक तांबूस पिल्लू उचललं आणि पोरीच्या ओंजळीत ठेवलं. तिच्या एवढ्याशा ओंजळीत ते मावलं आणि वर जागा उरली. दोन महिन्यांचा ससा आठ वर्षांच्या मुलीच्या ओंजळीत मावत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“घ्या की ओ अक्का, ड्वार्फ जात हाय. मोठं होत नाही, एवढंच राहतंय. दोन महिन्यांचं हाय, सगळं खातंय.”

खायला काय घालायचं विचारलं. “गाजर घाला, दुधात पाव भिजवून घाला, बिस्कीट तर आवडीनं खातंय. पाणी तेवढं ठेवू नका, पाणी प्यालं की ससा मरतंय बघा. आन आठ दिवसाला शाम्पूनं धुवा, वास येत नाही.”

साधं पिल्लू ५०० ला, पण हे ड्वार्फ म्हणून ९००. एकटं राहिलं की झुरतंय म्हणून जोडी घ्यायला लावली. दुसरं पांढरं, लाल डोळ्यांचं. लाल डोळे म्हणजे इम्पोर्टेड, असं तो म्हणाला. वर ‘सशाचं खाद्य’ म्हणून रंगीत दाण्यांची पुडी ८० रुपयांना दिली. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल कशाला ओ अक्का, नंबर घ्या की माझा.” चपलांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात पिल्लं दिली. रिक्षात पोरगी खोकं छातीशी धरून बसली होती. तांबूस ते चिकू, पांढरं ते कापूस, अशी नावं बोगारवेस यायच्या आत ठरली.

पहिले दोन दिवस बरे गेले, असं आम्हाला वाटलं. त्यानं सांगितलं तसंच सगळं केलं. चिकू दुधातला पाव चाटायचा. कापूस तोंड फिरवायचा. सासूबाईंनी देवाच्या ताटातल्या उरलेल्या दूर्वा त्याच्यापुढे टाकल्या, तर त्या मात्र तो एकेक काडी ओढून खायचा. आम्ही त्यालाच आजारी समजत होतो, कारण तो दूध घेत नव्हता.

सोमवारी दुपारी चिकूला पातळ शी झाली. शेपटीखालचे सगळे केस चिकट. फोन केला, तर त्यानं बसस्टँडजवळ बोलावलं आणि कागदात बांधलेली पांढरी पूड दिली, १५० रुपये. “पोट बांधतंय, तीन येळा द्या.” ती पूड कसली होती ते कळलंच नाही. पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून मात्र अंगावर काटा आला: पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीनसारखी माणसांना साधी वाटणारी औषधं सशाच्या तोंडातून गेली, तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि त्यानंच ससा दगावू शकतो. मेडिकलमधून गोळी आणून कुटून देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सशाला ते कधीही करू नका.

बुधवारी रात्री चिकू पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसला. उचलला तर पोट ढोलकीसारखं ताणलेलं आणि कान गार. दात चावल्याचा बारीक कर्रकर्र आवाज येत होता. मला वाटलं, काहीतरी चावून खातोय. ससा दुखायला लागलं की असे दात चावतो, हे दुसऱ्या दिवशी समजलं. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. पहाटे चारच्या सुमारास त्यानं दोनदा पाय ताणले आणि संपलं. पोरगी उठायच्या आत यांनी त्याला परसात पेरूखाली पुरलं. पण तिला सांगायचं ते सांगावंच लागलं.

सकाळी कापूसला घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्याला काट्यावर ठेवलं: २१० ग्रॅम. तोंड उघडून दात पाहिले, पोट चाचपलं आणि म्हणाले, “वहिनी, हे तीन आठवड्यांच्या वर नाही. अजून आईच्या अंगावर पितं पोर आहे हे.”

मग त्यांनी जे समजावलं, ते बाजारात जाण्याआधी कुणी सांगितलं असतं तर चिकू आज असता. सशीण पिल्लांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही चार-पाच मिनिटंच. पण ते दूध फार दाट असतं आणि पिल्लाच्या पोटात वाईट जंतू वाढू देत नाही. मोठ्या सशाच्या जठरात तीव्र आम्ल असतं, ते हे काम करतं. पिल्लाच्या पोटात ते आम्ल अजून तयार झालेलं नसतं. आईचं दूध तोडलं आणि वर पाव, साखर, गाईचं दूध घातलं, की आतड्यात नको ते जंतू माजतात, पोट फुगतं आणि हगवण लागते. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे आत गेलेलं वाईट बाहेर टाकायचा तो मार्गही नसतो. पिल्लू आईपासून सहा आठवड्यांच्या आत तोडूच नये, आठ आठवडे झाले की उत्तम. विकणारा लवकर तोडतो कारण तीन आठवड्यांचं पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं आणि पटकन खपतं. शिवाय आईला लवकर पुढच्या वेताला लावता येतं.

कापूस वाचला तो दूर्वांमुळे असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही त्याला कसं जगवलं ते सांगते. मांजरीच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती डॉक्टरांनी सुचवली. ती त्या दिवशी मिळाली नाही, म्हणून ती येईपर्यंत येळ्ळूरला नणंदेकडून शेळीचं दूध आणलं. कोमट करून, सुई काढलेल्या सिरींजनं, सकाळ-संध्याकाळ १३-१४ मिली. हे माप त्याच्या वजनाचं होतं, तुमच्या पिल्लाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी: पिल्लाला बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही. दूध फुप्फुसात जातं. ते त्याच्या चार पायांवर बसलेलं असावं, सिरींज ओठाच्या कडेला, आणि थेंब थेंब त्यानं स्वतः चाटावं. गरम पाण्याची बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, म्हणजे उकडलं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं. शाम्पूचं तर नावच काढू नका. ससा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. ओला झाला की गारठतो आणि घाबरून त्याचा जीवही जाऊ शकतो. त्यात आपल्याकडचा जून-जुलै म्हणजे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही.

आणि गवत. सशाचं खरं जेवण गवत, चोवीस तास समोर हवं. त्याचे दात जन्मभर वाढत असतात आणि गवत चावूनच ते झिजतात. पिल्लाला वाळलेला लसूणघास चालतो, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं. सहा-सात महिन्यांनंतर तो कमी करून साधं वाळलं गवत वाढवायचं. नणंदेच्या म्हशीसाठी लसूणघास असतोच, त्यातला थोडा आम्ही स्वयंपाकघरात दोरीवर वाळवायचो. पावसाळ्यात इथे खरी अडचण तीच आहे: गवत आतून ओलं राहतं आणि बुरशी धरतं. मूठभर उचलून नाकाशी धरा, कुबट वास आला तर फेकून द्या. भाताची पिंजर खाली अंथरायला छान, पण तिच्यावर पोट भरत नाही. शेताच्या बांधावरचं गवत आणत असाल तर औषध फवारलंय का ते आधी विचारा. बेळगाव भागात बटाटा अमाप पिकतो, त्याचा पाला सशाला विषारी आहे. टोमॅटोचाही. कोबी, फ्लॉवरनं पोटात वारा धरतो. गाजर म्हणजे त्याची मिठाई; मोठ्या सशाला कधीमधी एखादी चकती, पिल्लाला नाहीच. कोथिंबीर, पुदिना असला पाला आम्ही बारा आठवड्यांनंतर सुरू केला, एका वेळी एकच, चिमूटभर. दुसऱ्या दिवशी लेंडी घट्ट असली तरच पुढे.

पाण्याचं तर विचारूच नका. ‘ससा पाणी पीत नाही’ हे मी नंतर कितीतरी शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलं. ससा भरपूर पाणी पितो. हिरवा चारा खाणारा कमी पितो, एवढंच. जड मातीची वाटी ठेवा, म्हणजे उलटत नाही.

आणखी एका गोष्टीनं आम्ही घाबरलो होतो. पहाटे कापूस स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन काहीतरी खायचा. ती त्याची मऊ विष्ठा, द्राक्षाच्या छोट्या घोसासारखी. ती खाल्ल्यावरच त्याला त्यातली जीवनसत्त्वं मिळतात, त्याला अडवायचं नाही. मात्र अंगाला चिकटणारी पातळ शी वेगळी. ती दिसली किंवा सशानं बारा तास काही खाल्लं नाही, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. जवळ डॉक्टर नसेल तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ नंबर आहे. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिल घातलेलं औषध सशाला लावू नका, ते त्याला विष आहे.

आता ‘ड्वार्फ’बद्दल. खरा नेदरलँड ड्वार्फ पूर्ण वाढून साधारण एक किलोचा होतो. पण कुठल्याही जातीच्या लहान पिल्लाचे कान आखूड आणि डोकं गोल असतंच. म्हणून कान बघून जात ओळखायला जाऊ नका, वय ओळखा. सशाचं पिल्लू जन्मतः आंधळं आणि बिनकेसांचं असतं, दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. तीन आठवड्यांचं झालं की घरट्याबाहेर येऊन गवत कुरतडायला लागतं. बाजारातला तेच दाखवून ‘सगळं खातंय’ म्हणतो. साध्या मोठ्या जातीचं दोन महिन्यांचं पिल्लू किलोच्या वर भरतं. दोनशे-तीनशे ग्रॅमचं पिल्लू कुणी दोन महिन्यांचं म्हणून देत असेल, तर तो खोटं बोलतोय. शेपूट उचलून खाली शी चिकटलीय का बघा, कानात खपल्या आहेत का बघा, नाकाच्या शेंड्यावर खरूज आहे का बघा. आणि तुमच्यासमोर त्याला गवत खाऊ द्या.

कापूस आज वर्षाचा आहे. वजन ३ किलो ४०० ग्रॅम. डॉक्टर म्हणतात त्यात न्यूझीलंड व्हाइटचं रक्त आहे, मांसासाठी फार्मवर पाळतात ती जात. तिचे डोळे लालच असतात. साधं फार्मचं पिल्लू मला इम्पोर्टेड ड्वार्फ म्हणून नऊशेला दिलं. रंगीत पुडीत राळे आणि मक्याचा भरडा निघाला, म्हणजे पक्ष्यांचं खाद्य.

ओघात आलं म्हणून सांगते. खानापूरकडच्या रस्त्यावर मे महिन्यात पोरं ‘रानससा’ म्हणून पिल्लं विकायला उभी असतात. ते तर घेऊच नका. तो वेगळा प्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि पकडणं, पाळणं गुन्हा आहे. त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. आई त्यांना दिवसभर गवतात एकटं ठेवते, ती अनाथ नसतात.

चिकू गेल्यानंतरच्या शनिवारी मी बाजारात गेले होते. तो तिथेच, नवं क्रेट घेऊन. “तुमी गारठ्यात ठेवला असणार अक्का,” एवढंच म्हणाला. कुठे तक्रार करायची ते विचारत फिरले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण माझ्याकडे ना बिल, ना दुकानाचं नाव. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. रस्त्यावर क्रेट घेऊन बसणाऱ्याला तो कागद कोण विचारणार? तुम्ही विचारा. घेणार असाल तर नोंदणी बघून, बिलावर वय लिहून घेऊन घ्या. त्याहून बरं म्हणजे कुणाच्या घरी सशीण व्यालेली असेल तिथे जाऊन, आईजवळ बसलेलं पिल्लू बघून ठेवा आणि ते आठ आठवड्यांचं झाल्यावर आणा.

परवाच्या शनिवारी एक बाप-लेक त्याच्यापुढे उभे होते. मुलानं पिल्लू हातात घेतलं होतं. मी शेजारच्या भाजीवाल्या मावशींना विचारून ते त्यांच्या काट्यावर ठेवलं, २४० ग्रॅम भरलं. त्या वडिलांना सगळं सांगितलं. विकणारा माझ्यावर ओरडला, दोघं-तिघं जमली. वडिलांनी पिल्लू परत ठेवलं. मुलगा रडत म्हणाला, “मग हे आता काय खाणार?” क्रेटमध्ये पावाचा ओला लगदा पडला होता. मी फुलवालीकडून दूर्वांच्या चार जुड्या घेतल्या, सोडून त्या क्रेटमध्ये पसरल्या. पिल्लं एकेक करून पुढे सरकली आणि काड्या ओढायला लागली.