जुन्या जीपची चेसी: बोल्ट कंपनीचे, इंची की मिलिमीटरचे?

गोठ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली विलीज किंवा महिंद्राची सीजे-३बी खोलली की गंजक्या नट-बोल्टांनी डबा भरतो आणि पहिला प्रश्न तिथेच पडतो. रस्ते तीन. कंपनीने बसवले होते हुबेहूब तसेच बोल्ट शोधायचे: माप, चुडी (म्हणजे आटे), डोक्यावरची खूण, मुलामा, सगळं जुळवून. किंवा माप आणि चुडी तीच ठेवून आजचे इंची बोल्ट घ्यायचे. नाहीतर तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळतात ते मिलिमीटरचे टाकून मोकळं व्हायचं.

मिलिमीटरवाले आधी घेतो, कारण बहुतेक गाड्यांत ते आधीच शिरलेले असतात. मिस्त्री म्हणतो, “भाऊ, बारा एमएम टाकून देतो ना, काय फरक पडते?” फरक मोजून दाखवता येतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; चार सुताचं भोक १२.७ मिलिमीटरचं. त्यात १२ चा बोल्ट घातला तर ०.७ ची ढील राहते. पांदण रस्त्याने, चाकोऱ्यांतून चालणाऱ्या गाडीला तेवढी पुष्कळ झाली. बोल्ट हलतो, भोक लांबट होतं, मग वॉशर, मग वेल्डिंग. तीन सुतात उलटं: साडेनऊच्या भोकात १० जात नाही, म्हणून ड्रिल फिरवतात. एकदा वाढलेल्या भोकात मूळ मापाचा बोल्ट पुन्हा नीट बसत नाही. सर्वांत फसवी जोडी अडीच सूत आणि ८ एमएमची. ७.९४ आणि ८, डोळ्याला एकच. नट फेराभर जातो, पुढे पान्याने रेटला की चुडी मारली जाते, आणि वरून मात्र घट्ट बसल्यासारखा वाटतो.

ताकदीत मिलिमीटर कमी नाही, हेही सांगायला हवं. डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट ८०० मेगापास्कलचा, म्हणजे तेवढा ताण सोसणारा. इंचीत त्याच्या जोडीचा ग्रेड ५, त्याच्या डोक्यावर तीन रेघा असतात. सहा रेघा असल्या तर ग्रेड ८. म्हणजे भांडण पोलादाशी नाही, भोकाशी आहे.

म्हणून माझं मत मधल्या पर्यायाला. माप-चुडी कंपनीची, बोल्ट आजचा. पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी कडी), स्टिअरिंगचा डबा या ठिकाणी रेघा नसलेला कोरा बोल्ट घेऊच नका. स्टेनलेसचा मोहही आवरा. नेहमीचा ए२-७० हा ७०० मेगापास्कलचा, म्हणजे ८.८ पेक्षा कमीच, शिवाय आवळताना त्याच्या चुड्या एकमेकींना चिकटून जाम होतात. दुकानात नुसतं “तीन सूत द्या” म्हणून भागत नाही. तीन सुतात बारीक चुडी इंचाला २४ आणि जाड चुडी १६. चेसीवर नट-बोल्टची जोडी बहुधा बारीक चुडीची, बिडात शिरणारा बोल्ट जाड चुडीचा. जुना नमुना खिशात घेऊनच नागपूरला इतवारीत जा.

हुबेहूब कंपनीचे बोल्ट कोणी शोधावेत? युद्धकाळातली फोर्डने बांधलेली जीपीडब्ल्यू हाती लागली असेल त्याने. तिच्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर ठोकलेलं असे, आणि जाणकार ते वाकून बघतात. व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तरी मूळपणाला किंमत आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, चेसी-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पण ती गाडी मग रोजच्या वापरात आणता येत नाही. वावरात जायचं, कापूस आणायचा, तर हा हिशेब सोडून द्या आणि बोल्टच्या डोक्यावरची अक्षरंही.

या सगळ्यात ज्याकडे कोणी पाहत नाही ती गोष्ट म्हणजे रिव्हेट. या चेसीच्या आडव्या पट्ट्या मुळात बोल्टने नव्हे, रिव्हेटने जोडलेल्या आहेत, म्हणजे कंपनीची खरी जोडणी तीच. सैल झालेला रिव्हेट दिसला की वेल्डिंगवाला सरळ टाका मारतो. पण ही शिडीसारखी चौकट थोडी पिळावी म्हणूनच तशी बांधलेली असते. टाक्याशेजारचं लोखंड कडक होतं आणि पुढची चीर तिथूनच जाते. तापवलेला रिव्हेट ठोकला की तो भोक गच्च भरतो आणि थंड होताना आकसून दोन्ही पत्रे आवळतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात त्यातही हेच आकसणं कामाला येतं. भाता चालू असलेला, धाव चढवण्याचा हात असलेला लोहार जवळपास असेल तर त्याला विचारा; मागून जड ऐरण टेकवायला दुसरा माणूस मात्र लागतो. लोहार नसेल तर बोल्ट चालेल, पण भोक रीमरने साफ करून, घट्ट बसणाऱ्या मापाचा, किमान ग्रेड ५. दोन पत्रे जिथे एकमेकांवर सरकू पाहतात तिथे बोल्टचा गुळगुळीत दांडा यायला हवा, चुडी नव्हे. आणि चेसी नंबरच्या जागी ग्राइंडर लावू देऊ नका, पुढे आरटीओत अडाल.

उलट्या चुडीचंही लक्षात ठेवा. विलीजच्या डाव्या चाकांचे नट उलटे फिरतात. काही शॅकलही उलट्या चुडीचे असतात. त्यांच्या खालच्या दांड्यावर घडवलेला छोटा उंचवटा असतो. काळ्या मातीचा थर खरवडल्याशिवाय तो दिसत नाही, आणि न बघता जोर लावला की शॅकल गेलं.

बोल्ट इंची घेतले तर पानेही इंची घ्या. तीन सुताच्या बोल्टला नऊ-सोळांशचा पाना लागतो, म्हणजे १४.३ मिलिमीटर. १४ चा बसत नाही, १५ चा कोपरे गोल करतो. नशिबाने पाऊण इंचाच्या पान्याच्या जागी १९ चा चालतो, तेवढा एक नवा घ्यायला नको.